सरकीच्या गोदामातली पोथी

जालना, १८ एप्रिल १९४८

मास्तर दीनानाथराव यांना पुंजारामचा जालन्याहून रामराम.

कडूबाच्या हाती दिलेली तुमची चिठ्ठी पोचली. कडूबा जाफराबादकडचा, सासुरवाड वऱ्हाडात. त्याची बैलगाडी सोयऱ्याधायऱ्यांच्या निमित्तानं शीवेच्या अल्याडपल्याड फिरत असते आणि त्याच्या फेट्यात कुणी हात घालत नाही. म्हणून मोकळेपणानं लिहून राह्यलो. अक्षर तुम्हीच शिकवलंत, तेव्हा चुका दिसल्या तर स्वतःला बोल लावा.

तुम्ही लिहिता, "रजनीला पाठवून द्या." मी काय अडवून बसलोय? पण सध्या जमणार नाही. कारण ऐकाल तर हसाल. रजनीवहिनींनी पोथी लावली आहे.

निजामाविरुद्ध लढायला तुम्ही कुणाला न सांगता शीवेपल्याड गेलात. दुसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप लागलं. आता चार डोकी एकत्र बसायची तर पोलिसातल्या आमीनसाहेबाची परवानगी पायजे. आपलं गुरुवारचं वाचनमंडळ मोडल्यात जमा झालं. पुण्याहून मागवलेली ती कादंबरी, तुम्हीच पहिले तीन अध्याय वाचून दाखवलेली, माझ्याकडं पडून होती. रत्नपूर संस्थानातलं बंड, त्यातला जयसिंह, त्याची साखरपुडा झालेली कुमुद. कापडवाले बद्रीनाथशेठ म्हणाले, "चुलीत घाला. पुस्तकात बंड हाये, अन् ते सापडलं तं आपण बी चुलीत." वहिनी तिथंच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पोथी वाचायला परवानगी लागते का हो?"

लागत नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पुस्तकाचा पुठ्ठा फाडला, पानं लाल कापडात बांधली, माझ्या सरकीच्या गोदामात पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हंगाम संपलाय, कापसाची जिन बंद आहे, गोदाम रिकामं. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मधी पाट. आमीनानं एक जवान बसवलाय ऐकायला, दस्तगीरमियाँ. मराठी बराबर समजतं त्याला. दारात बूट काढून बसतो.

आता अडचण अशी. आमच्या कारभारणीच्या, चतुराबाईच्या माहेरचा रिवाज आहे की पोथी लावली की समाप्ती होईस्तोवर वाचणारीनं गावची शीव ओलांडायची नसते. मी म्हणालो, अगं ही कुठं खरी पोथी? तर म्हणते कशी, "नारळ फोडला का न्हाई? प्रसाद खाल्ला का न्हाई? मंग पोथीच झाली." सगळ्या बाया तिच्या बाजूच्या. आता तुम्हीच सांगा, ह्या बायांपुढं माझं काय चालणार?

जाताना तुम्ही मला म्हणाला होतात, "पुंजाराम, तुला देशापेक्षा जिन प्यारी." ते मी मनावर घेतलेलं नाही. जिन प्यारी आहेच. दुसऱ्याच्या जिनवर हमाली करायचो तेव्हा भिंतीपलीकडून आवाज ऐकून सांगायचो, पट्टा कुठं घासतोय, कोणत्या रुळाला तेल नाही. त्या कानांवर मालक झालो. पण समाप्ती झाली की बघू. वहिनी खुशाल आहेत.

पुंजाराम

&nbsp;

जालना, २३ मे १९४८

मास्तर, रामराम.

तुमची दुसरी चिठ्ठी जरा कडक आहे. "सबबी पुरे, रजनीला ताबडतोब पाठवून द्या." अहो, वैशाखाचं ऊन काय पडलंय! वाटेवरच्या विहिरी आटल्यात, कडूबाचा एक बैल लंगडतोय. बाईमाणसाला अशा दिवसात गाडीत घालून कसं पाठवू?

त्यापेक्षा पोथीची हकीकत ऐका, म्हणजे राग निवेल. पुस्तकात पानोपानी "सरकार" आणि "सरकारचे शिपाई" आहेत. दस्तगीर समोर बसलेला. पहिल्याच दिवशी तो शब्द आला आणि वहिनी अडखळल्या सुद्धा नाहीत. सरळ वाचलं, "कंसानं गावावर जप्ती आणली." शिपायांचे झाले कंसाचे दूत. बद्रीनाथशेठनं डोळे मिटून "जय जय" म्हटलं. दस्तगीर आता इतका रंगलाय की परवा मला जिनच्या फाटकात गाठून विचारतो, "सेठ, ये कंसका कुछ बंदोबस्त होता के नहीं? किती दिवस सोसायचं माणसांनी?" मी म्हटलं, बाबा, पोथीत घाई चालत नाही.

वाचन संपलं की चर्चा करायची तुमची शिस्त आम्ही ठेवली आहे. गेल्या गुरुवारी जयसिंह कुमुदला न सांगता बंडात गेला तो अध्याय झाला. बद्रीनाथशेठ म्हणाले, "बराबर केलं त्यानं. सांगत बसला असता तर ती रडली असती, अन् मंग हा निघालाच नसता."

बायांच्या बाजूनं चतुराबाईचा आवाज आला. "शेठजी, तुम्ही गावाला जाता तवा दुकानाकडं ध्यान ठेवा म्हणून शेजाऱ्याला सांगून जाता न्हवं?"

"जातो की."

"दुकानाला सांगणं हाये. अन् बाईला न्हाई."

गोदाम हसलं. दस्तगीर सुद्धा हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं, परत मागं आणलं आणि म्हणाल्या, "रडली असती हे शेठजींना कुणी सांगितलं? पुस्तकात तसं नाही. पुस्तकात तिला कुणी विचारलेलंच नाही." नंतर पुढचं वाचलं, पण आवाज कोरडा लागत होता. मला कळतं ते.

वाचन सावकाश चाललंय. नवीन माणसं येतात, मागचं त्यांना ठाऊक नसतं, म्हणून झालेला अध्याय पुन्हा घ्यायला मीच सांगतो. मला पुस्तक संपवायची घाई नाही. तुम्हीही करू नका.

पुंजाराम

&nbsp;

जालना, ४ जुलै १९४८

मास्तर,

ह्या खेपेला तुम्ही लिहिलंत, "तुझ्या मनात काय आहे ते मला कळू दे. माझ्या बायकोला कशासाठी ठेवून घेतलं आहेस?" कडूबानं चिठ्ठी दिली तेव्हा चतुराबाई समोर होती. मी वाचून घडी घातली आणि मास्तर खुशाल आहेत एवढं सांगितलं. असलं वाक्य बायकोला वाचून दाखवता येत नाही. तुम्ही मला ओळखता असं मी समजत होतो.

असो. तुमच्यावर रागावायला मला जागा नाही, कारण मीही तुम्हाला सरळ लिहिलेलं नव्हतं. आता लिहितो.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आमीनानं बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, तेव्हाच मी समजलो. म्हणाला, "मास्तर गया तो गया. उसकी बीवी यहाँ है तो एक दिन आएगा. पुंजाराम सेठ, तुम जिम्मेदार. बाई शीवेबाहेर गई तो तुम अंदर, और जिनको ताला."

मी म्हणालो, साहेब, तसं लिहून घ्या. वाटलं, लिखापढी निघाली की वकील गाठता येईल. तो हसला. "कागज किसलिए? तुम्हारी जिनही कागज है."

मी "जी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? कपाशी येईल तेव्हा जिनवर पोटं भरणारी माणसं फाटकात उभी राहतील. अंबडकडून येतात, पोराबाळांसकट. ते माझ्या डोळ्यांसमोर आलं हे खरं. पण सगळ्यात आधी कुलूप दिसलं आणि त्या कुलपाच्या अल्याड मी पुन्हा हमाल होऊन उभा दिसलो, हेही खरं.

तेव्हापासून असा बसलोय. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही तिच्यासाठी आला असता आणि आमीनाला तेच पायजे. वहिनींना सांगितलं असतं तर त्या माझ्यासाठी थांबल्या असत्या. म्हणजे मीच त्यांना बांधून ठेवल्यासारखं. नाही सांगितलं तरी बांधलेल्याच, फक्त त्यांना दोर दिसत नाही. चतुराबाईच्या रिवाजामुळं मला आयतं कारण मिळालं. तिची श्रद्धा खरी आणि मी तिच्या आड लपलेला. दर गुरुवारी मी पुढं बसतो, भक्तिभावानं मान डोलवतो आणि मनात उरलेली पानं मोजतो. उंदराच्या पिंजऱ्यात निदान खोबरं तरी ठेवतात हो.

बाजारात रझाकारांची गाडी फिरून गेली की लोक दुकानं ओढून घेतात. येणाऱ्या गाड्या कमी झाल्या, तेलमीठ मिळेना. तरी गुरुवारी माणसं येतातच. कुमुद आता रोज खिडकीत बसते. पुस्तकात दुसरं काही घडत नाही तिचं. तो लढतो, पडतो, पळतो, आणि ही खिडकीत. बाया कंटाळल्या. एकजण म्हणाली, "हिला घरकाम न्हाई का?"

हे वाचून मला शिव्या घाला, चालेल. पण मागच्या चिठ्ठीतलं ते वाक्य परत घ्या.

पुंजाराम

&nbsp;

जालना, ३० जुलै १९४८

मास्तर, रामराम.

तुम्ही वाक्य परत घेतलंत, बरं वाटलं. "ते असो, आता कसंही करून रजनीला पाठवून दे," असं लिहिलंत. ऐका, इकडं काय झालं.

पंधरा दिवसांमागं वाचन सुरू व्हायच्या आधी वहिनींनी दस्तगीरला सहज विचारलं, "समाप्तीनंतर मी जरा माहेरी जाऊन यावं म्हणते. वाटेत कुणी अडवतं का हो?" दस्तगीर भाबडा माणूस. म्हणाला, "बाई, तुम्ही कसं जाता? सेठ जिम्मेदार हैं ना तुमचे. तुम्ही गेल्या तं सेठ अंदर. सबको मालूम हय."

सबको मालूम होतं, वहिनी सोडून.

त्यांनी लाल कापड सोडलं आणि अध्याय वाचला. एक शब्द चुकला नाही. कंसाच्या जागी कंस बराबर आला. माणसं उठून गेली तेव्हा पोथी बांधता बांधता म्हणाल्या, "भाऊ, कधीपासून?"

"मास्तर गेले तेव्हापासून."

"म्हणून दर वेळी मागचा अध्याय पुन्हा."

मी पाट उचलायला वाकलो.

"मला वाटायचं, तुम्हाला गोष्ट आवडली."

त्या गेल्या, मग चतुराबाईनं मला फैलावर घेतलं. "माझ्या आईच्या रिवाजाचा असा वापर केला व्हय तुम्ही? बाईला कोंडून ठिवलं अन् वर म्होरं बसून मान हलवता!" दोन दिवस ताट नुसतं समोर सरकवलं. वहिनी दोन गुरुवार माझ्या बाजूला न बघता वाचत होत्या. जिनच्या सगळ्या यंत्रांच्या घरघरीत मला कुणी हळू बोललेलं ऐकू येतं. त्यांच्या त्या सरळ वाचण्यात मात्र माझ्यासाठी एक अक्षर ऐकू आलं नाही.

तेव्हा आता मी ठरवलंय. १२ ऑगस्टला समाप्ती. आमच्याकडं समाप्तीला निर्माल्य कुंडलिकेत सोडायला फक्त बाया जातात, बाप्ये प्रसादाची पंगत मांडून थांबतात. दस्तगीरही पंगतीतच राहील. नदीच्या खालच्या अंगाला, वस्ती संपते तिथं बाभळीत कडूबाची गाडी असेल. मी तिथं उभा राहीन. वहिनींना समाप्तीच्या दिवशीच सांगणार, आधी सांगून त्यांच्या जिवाला घोर नको.

जिनचं काय व्हायचं ते होईल. चतुराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "हमालाची बायको व्हतेच की मी. त्यात काय नवं?" मग जरा वेळानं डोळे पुसत गोधडी शिवायला बसली, गाडीत अंथरायला.

तुम्ही शीवेच्या पल्याड, देऊळगावच्या वाटेवर उभे राहा. गाडी येईल.

पुंजाराम

&nbsp;

जालना, १२ ऑगस्ट १९४८

मास्तर,

गाडी आली, पण गाडीत वहिनी नाहीत. आधी एवढं वाचा आणि दम घ्या. कुणी पकडलेलं नाही. त्या सुखरूप आहेत, माझ्याच घरी आहेत, आत चतुराबाईबरोबर भांडी आवरताहेत. मी पडवीत बसून लिहितोय, कडूबा गाडी जुंपून खोळंबलाय.

समाप्ती थाटात झाली. तुम्ही असायला पायजे होतात. शेवटच्या अध्यायात बंड यशस्वी होतं, कंस मरतो, जयसिंह परत येतो आणि बघतो तर कुमुद खिडकीतच मरून पडलेली. हातात वाळलेलं फूल.

वहिनींनी पोथी मिटली. चतुराबाई म्हणाली, "मेली? अन् तो?"

"तो रडला. पुढं राज्य केलं."

"रडंना का! इतके गुरुवार बसवलं, अन् शेवटाला पोरीला मारून टाकलं?"

बद्रीनाथशेठ नाक शिंकरत म्हणाले, "त्याग हाये तो, चतुराबाई. त्यागाचा अध्याय हाये."

दस्तगीर दारातून म्हणाला, "कंस मेला ये अच्छा हुआ. पर बच्चीको काहेको मारा?"

सगळे वहिनींकडं बघू लागले. त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला तिचं पुढं काय करायचं ते सुचलं नसेल. खिडकीत बसवून ठेवलेलं माणूस दुसरं काय करणार?"

मग बाया निर्माल्याची टोपली घेऊन नदीवर गेल्या. मी पंगतीतून उठून मागच्या वाटेनं बाभळीत गेलो. ठरल्याप्रमाणे चतुराबाईनं वहिनींना तिकडं आणलं. गाडीत गोधडी अंथरलेली, कडूबानं कासरा हातात धरलेला.

मी म्हणालो, "बसा वहिनी. मास्तर शीवेवर उभे आहेत. मागचं मी बघतो."

"काय बघता?"

"आमीनाचं."

"म्हणजे आत जाता."

"जाईन. तुम्ही बसा, जल्दी करा."

त्यांनी गाडीच्या चाकावर हात ठेवला. मला वाटलं आता चढतील. तर विचारलं, "त्यांनी काय लिहिलंय? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं, "रजनीला पाठवून दे."

"त्याच्या आधीच्या चिठ्ठीत?"

"तेच."

"आणि त्याच्या आधी?"

मी बैलाचं जू चाचपू लागलो. चतुराबाईनं माझ्याकडं बघितलं.

"मला काही लिहिलंय?"

मास्तर, तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या मनात चाळल्या. सापडलं नाही. मी म्हणालो, "तुमची फार काळजी करून राह्यलेत ते."

"भाऊ, तुम्ही खोटं चांगलं बोलता. पण आता मला ओळखू येतं." ह्या गुरुवारांत त्या पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्या. मग म्हणाल्या, "गाडीत बसले तर त्यांनी मागवलं म्हणून गेले. नाही बसले तर आमीनानं अडवलं म्हणून राहिले. ह्यात मी कुठं आहे?"

"वहिनी, ह्याचा विचार पल्याड गेल्यावर करा."

"पल्याड गेल्यावर करता येत नाही. तिथं मी नुसती पोचलेली असते." चाकावरचा हात काढला. "त्यांना कळवा, मी खिडकीत बसलेली नाही. इथं राहते आहे. आमीन म्हणतो म्हणून नाही आणि तुमच्या जिनसाठीही नाही, उगाच मोठेपणा घेऊ नका. बाया घाटावर थांबल्यात. त्यांना कुमुदचा शेवट मान्य नाही, पुढच्या गुरुवारी तो नव्यानं सांगायचं ठरलंय. मला जायचं असेल तेव्हा मी गाडी मागेन, तेव्हा मात्र आजच्यासारखे उभे राहा."

आणि रिकामी टोपली उचलून गेल्या. मागं वळून बघितलं नाही. चतुराबाई त्यांच्या मागं.

मी बाभळीत उभा राहिलो. मास्तर, आता जे लिहितो ते लिहायला मला फार वेळ लागला. त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा सगळ्यात आधी मला हलकं वाटलं. जिन वाचली. हा पहिला विचार, दुसरा नाही. मी गाडी आणली होती, आत जायला तयार होतो, ते सगळं खरं. आणि तरी छातीवरचा धोंडा उतरला तो उतरलाच. आमीनानं आत टाकलं असतं तर निदान कधीतरी सुटलो असतो. आता रोज गोदामाची किल्ली हातात घेतली की ते हलकं वाटणं आठवणार. चतुराबाईला हे सांगितलेलं नाही. तिनं मात्र परत आल्यावर माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, म्हणजे तिला कळलं असावं.

पंगतीत परत गेलो तेव्हा दस्तगीरनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. "सेठ, कहाँ गए थे? बुंदी संपून राह्यली."

आता तुमचं. तुम्ही रागावाल, कडूबाला उलटसुलट विचाराल. त्याला काही ठाऊक नाही, त्याला जेवू घाला. इकडं यायचं वेड मनात आणू नका. आमीन टपलेला आहे आणि तुम्हाला धरलेलं वहिनींना बघावं लागेल.

एक करा. ह्यापुढं त्यांच्याबद्दल मला लिहू नका. जे विचारायचं ते त्यांच्या नावानं लिहा, कडूबा थेट त्यांच्या हातात देईल.

त्यांना वाचता येतं.

पुंजाराम